डीएलएल बदलली, आकडा बदलला नाही: ऊस बिलातल्या पाव टक्क्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या साखर कारखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणारी एक छोटी कंपनी आहे. मी तिला बाहेरून तांत्रिक सल्ला देत होतो. कंपनी, कारखाना आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे काढून टाकले आहेत. दर आणि उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं शेकडा प्रमाण) यांचे सरकारी आकडे मात्र जसेच्या तसे आहेत, कारण त्यांच्याशिवाय हे प्रकरण समजणार नाही.

प्रणाली सी शार्प या भाषेत लिहिलेली, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट फ्रेमवर्कवर चालणारी. प्रत्येक खात्याला स्वतंत्र प्रोग्रॅम: गाडीअड्ड्याजवळचा काटा, शेती खात्याच्या ऊस नोंदी, तोडणी-वाहतूक, ऊस बिल आणि बँक यादी. या सगळ्यांना लागणारा सामायिक कोड एकाच फाइलमध्ये होता. तिचं नाव कॉमन डॉट डीएलएल. डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रॅमांना वापरता येणाऱ्या कोडची फाइल.

सी शार्पचा कोड कंपाइल झाला की लगेच प्रोसेसरच्या भाषेत जात नाही, आयएल नावाच्या मधल्या भाषेत जातो. ही आयएल, कोडमधल्या क्लास-फंक्शनांचं वर्णन करणारा मेटाडेटा आणि एक मॅनिफेस्ट एकत्र बांधले की त्याला असेंब्ली म्हणतात. फाइलचं शेपूट ईएक्सई (थेट चालणारा प्रोग्रॅम) असो वा डीएलएल, आतली बांधणी तीच. मॅनिफेस्टमध्ये असेंब्लीचं स्वतःचं नाव आणि आवृत्ती असते, शिवाय तिला आणखी कोणत्या असेंब्ली, कोणत्या आवृत्तीच्या लागतात याची नोंद असते. २००२ साली डॉटनेट आलं तेव्हा यातला मोठा दिलासा असा होता की रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, काहीही नोंदवावं लागत नव्हतं. फोल्डरमध्ये फाइल टाकली की काम झालं. एका प्रोग्रॅमने विंडोजच्या फोल्डरमध्ये आपली डीएलएल टाकायची आणि दुसरा प्रोग्रॅम त्यामुळे बंद पडायचा, हे त्याआधीचं दुखणं अनेकांना आठवत असेल.

याच सोयीवर कंपनीची कामाची पद्धत उभी होती. सामायिक कोडमध्ये काही बदललं की नवी कॉमन डीएलएल मेलने पाठवायची आणि कारखान्यातल्या संगणक विभागाने ती जुनीवर टाकायची. गाळप हंगामात काटा दिवसरात्र चालू असतो, त्यामुळे अख्खा प्रोग्रॅम बदलण्यापेक्षा एक फाइल बदलणं सगळ्यांनाच परवडायचं. ही पद्धत बरीच वर्षं नीट चालली होती.

आता उसाच्या दराबद्दल. केंद्र सरकार दर हंगामासाठी एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, ठरवतं. तिच्यात तीन आकडे महत्त्वाचे: पायाभूत उतारा, त्या उताऱ्याला मिळणारा दर, आणि उतारा त्याहून जास्त असेल तर प्रत्येक ०.१ टक्क्याला मिळणारी वाढ. २०२१-२२ च्या हंगामात १० टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २९० रुपये आणि वाढ २ रुपये ९० पैसे होती. २०२२-२३ साठी दर ३०५ रुपये झाला, वाढ ३ रुपये ५ पैसे झाली आणि पायाभूत उतारा १० वरून १०.२५ टक्क्यांवर गेला.

दर आणि वाढ दरवर्षी बदलतात हे ओळखून कंपनीने ते दोन्ही आकडे डेटाबेसच्या टेबलमध्ये ठेवले होते. पायाभूत उतारा मात्र कॉमन डीएलएलमध्ये स्थिरांक म्हणून, सी शार्पच्या 'कॉन्स्ट' या शब्दाने जाहीर केलेला होता. तो क्वचित बदलतो हे खरं. पण २०१८-१९ मध्येही तो साडेनऊवरून दहावर गेला होता. त्या वर्षी सगळेच प्रोग्रॅम नव्याने बांधून कारखान्यांना दिले गेले, म्हणून बदल बिनबोभाट पार पडला आणि कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

अडचण

२०२२-२३ च्या हंगामाआधी कंपनीने टेबलमध्ये नवे दर भरले, स्थिरांक १०.२५ केला आणि नेहमीप्रमाणे फक्त कॉमन डीएलएल पाठवली. कार्यालयात तपासणी झाली होती. सगळे प्रोग्रॅम बरोबर आकडे दाखवत होते.

पहिल्या पंधरवड्याचं बिल निघालं आणि कारखान्याच्या चीफ अकाउंटंटचा फोन आला. "सर, ऊस बिल आणि बँक यादी जुळंना. यादी टनामागं सव्वाशहात्तर रुपये जास्त दाखवतीय. प्रत्येकाला जास्त. एकालाही कमी नाही."

नमुन्यादाखल एक खातं घेऊ. ऊस ३६.४८० टन, कारखान्याचा मागच्या हंगामाचा उतारा ११.४५ टक्के. ऊस बिलाने दर काढला टनाला ३,४१६ रुपये, एकूण १,२४,६१५ रुपये ६८ पैसे. बँक यादीने त्याच उसाला ३,४९२ रुपये २५ पैशांनी १,२७,३९७ रुपये २८ पैसे धरले. फरक २,७८१ रुपये ६० पैसे. तोडणी-वाहतूक आणि सोसायटीचं कर्ज वजा होऊन उरलेली रक्कम याच यादीवरून बँकेत जाणार होती. एका खात्याचा फरक लहान वाटतो, पण कारखान्याचं पंधरवड्याचं गाळप लाख टनांच्या घरात असेल तर बेरीज कुठे जाते ते सांगायला नको. आणि एकदा खात्यावर गेलेले पैसे शेतकऱ्याकडून परत मागणं कोणत्याही कारखान्याला जड जातं.

दुसरीकडे घड्याळही चालू होतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर सालीना १५ टक्के व्याज लागू होतं. यादी थांबवून सावकाश शोध घेण्याइतकी उसंत नव्हती.

शोध

निम्मा शोध अकाउंटंटने फोन करायच्या आधीच लावला होता, हे मुद्दाम सांगायला हवं. एकूण फरकाला एकूण टनेजने भागल्यावर ७६.२५ नेमके आले. ०.१ टक्क्याची वाढ टनाला ३०.५० रुपये. ७६.२५ ला ३०.५० ने भागलं की अडीच. म्हणजे ०.२५ टक्के. "तुमची यादी अजून दहावरच बसलीय," असं त्यांनी सांगून टाकलं. कोडची एक ओळही न पाहता.

कंपनीतल्या मुलांनी साहजिकच आधी डीएलएल बदलली गेली की नाही ते पाहिलं. फाइलची तारीख नवी होती. पुन्हा एकदा कॉपी केली, प्रोग्रॅम बंद करून उघडला, यादी तीच. डॉटनेटसोबत कोणती असेंब्ली कुठून उचलली गेली याची नोंद दाखवणारं एक साधन येतं, त्यातही नवीच डीएलएल उचललेली दिसली. आणि डेव्हलपरच्या मशीनवर बँक यादी उघडली की आकडा बरोबर. इथे बराच वेळ गेला. कारखान्यातलं नेटवर्क, दुसरीकडे राहिलेली जुनी प्रत, विंडोजचा कॅश, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

मग कारखान्यातली बँक यादीची ईएक्सई मागवून आयएलडॅझम या साधनाने उघडली. कॉमन डीएलएलमधल्या उताऱ्याच्या स्थिरांकाचा हिशेबाच्या फंक्शनमध्ये कुठेही उल्लेख नव्हता. त्याच्या जागी दशमान संख्या तयार करणारी सूचना होती आणि तिच्या आधीच्या आकड्यांत शून्यं सोडून दोनच: हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत) ३ई८, म्हणजे १०००, आणि दशांशाची स्थळं २. म्हणजे १०.००. आकडा ईएक्सईच्या पोटातच होता.

सी शार्पमध्ये 'कॉन्स्ट' असंच वागतं, आणि ते भाषेच्या नियमाप्रमाणेच आहे. स्थिरांक वापरणारा प्रोग्रॅम कंपाइल होताना कंपाइलर त्या क्षणीची किंमत वाचतो आणि वापरणाऱ्याच्या आयएलमध्ये लिहून टाकतो. चालताना डीएलएलकडे कुणी विचारायला जात नाही. खात्री करण्यासाठी आम्ही कॉमन डीएलएल बाजूला ठेवून फक्त हिशेबाचं ते फंक्शन चालवलं. ते विनातक्रार चाललं आणि जुना आकडा घेऊन आलं.

डेव्हलपरच्या मशीनवर बरोबर का? कारण तिथे व्हिज्युअल स्टुडिओ (कोड लिहायचं आणि बांधायचं साधन) स्थिरांक बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे प्रोजेक्ट पुन्हा कंपाइल करतो. जुनी ईएक्सई आणि नवी डीएलएल ही जोडी कार्यालयात कधी एकत्र येतच नव्हती. ती फक्त ग्राहकाकडे एकत्र यायची.

ऊस बिल मात्र बरोबर होतं, कारण ते डीएलएलमधलं एफआरपी काढणारं फंक्शन बोलवायचं. ते फंक्शन डीएलएलसोबतच नव्याने कंपाइल झालं होतं. मग बँक यादीने तेच फंक्शन का वापरलं नाही? कारण फंक्शन फक्त एकूण दर परत करायचं आणि यादीला मूळ दर आणि उताऱ्याची वाढ अशा दोन रकान्यांत आकडे हवे होते. यादी लिहिणाऱ्याला अर्धवट उत्तर मिळत होतं, म्हणून त्याने स्थिरांक उचलला आणि सूत्र स्वतः मांडलं. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथे आहे. 'कॉन्स्ट'चा नियम माहीत असणं-नसणं त्यानंतर येतं. डीएलएलने गरजेपुरतं उत्तर दिलं नाही की वापरणारा तिच्या आतले सुटे भाग काढून घेतो, आणि मग ते भाग डीएलएलच्या ताब्यात राहत नाहीत.

पहिला निर्णय: ही यादी कशी सोडवायची

तीन मार्ग समोर होते.

अकाउंट खात्याची तयारी होती की यादी एक्सेलमध्ये उतरवून रक्कम तिथेच दुरुस्त करावी. वेळ सगळ्यात कमी लागला असता. पण बँकेला गेलेली फाइल आणि प्रणालीतली नोंद कायमची वेगळी झाली असती, आणि पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तोच प्रकार.

कंपनीतल्या एकाने सुचवलं की ईएक्सईची आयएल मजकूर म्हणून बाहेर काढावी, ३ई८ च्या जागी ४०१ लिहावं, म्हणजे १०२५, आणि आयएलअ‍ॅझमने फाइल परत बांधावी. हे खरोखर होतं आणि काही मिनिटांत होतं. कंपनीच्या टीम लीडने ते नाकारलं. अशी ईएक्सई कोणत्याही सोर्सपासून (मूळ लिहिलेल्या कोडपासून) बनलेली नसते. पुढच्या वर्षी ती दुरुस्त करायला बसणाऱ्याला तिचा उगम सापडणार नाही. पैशांच्या प्रोग्रॅमबाबत हा नकार योग्यच होता असं मला आजही वाटतं.

उरला तिसरा मार्ग: बँक यादी नव्या डीएलएलसमोर पुन्हा कंपाइल करून तेवढीच बदलणं. यात अडचण अशी की कारखान्यात चालू असलेली ईएक्सई नेमक्या कोणत्या सोर्सपासून बनली याची खूण कुठेच नव्हती. कोडच्या मुख्य शाखेत तोवर नवे रकाने आले होते, आणि ते ऐन बिलाच्या वेळी कारखान्यात नको होते. शेवटी आयएलस्पाय या साधनाने ईएक्सईतून कोड उलगडला आणि त्या सुमाराच्या कमिटांशी, म्हणजे सोर्सच्या जतन केलेल्या टप्प्यांशी, ताडून पाहिला. जुळलेल्या कमिटवर नवी बांधणी केली, आधी अकाउंटंटने काढून ठेवलेल्या काही खात्यांवर चालवली, मग संपूर्ण यादीवर. दोन्ही बेरजा जुळल्या आणि मुदतीच्या आत पैसे गेले.

दुसरा निर्णय: बाकीच्या कारखान्यांचं काय

सोर्समध्ये शोधून उपयोग नव्हता. प्रत्येक कारखान्यात काय चालू आहे हे सोर्स सांगत नाही, तिथली फाइल सांगते. म्हणून सगळीकडून ईएक्सई मागवल्या, त्यांची आयएल मजकुरात काढली आणि कॉमन डीएलएलमधला प्रत्येक सार्वजनिक स्थिरांक तिच्यात शोधला.

बँक यादीखेरीज शेती खात्याच्या अंदाजपत्रकाच्या स्क्रीनवर तोच दहाचा आकडा निघाला. त्याने पैसे जात नव्हते, पण शेतकऱ्याला तोंडी सांगितला जाणारा दर तिथूनच यायचा, म्हणून तो प्रोग्रॅमही लगेच बदलला. काटा प्रोग्रॅममध्ये वजनकाट्याशी बोलण्याचा ९६०० हा बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) असाच चिकटलेला सापडला. तो बदलण्याचं कारण नव्हतं. काट्याला हंगाम संपेपर्यंत हात लावायचा नाही असं ठरलं. चूक माहीत असूनही ती तशीच ठेवणं काहींना पटलं नाही. पण काटा थांबला की बाहेर गाड्यांची रांग लागते आणि तोडलेला ऊस वाळत जातो. निरुपद्रवी स्थिरांकासाठी तो धोका पत्करण्यात अर्थ नव्हता.

या शोधात आणखी एक गोष्ट बाहेर आली. स्थिरांकासारखीच फंक्शनच्या ऐच्छिक पॅरामीटरची मूळ किंमतही बोलावणाऱ्याच्या आयएलमध्ये लिहिली जाते. इनमच्या, म्हणजे नावं दिलेल्या आकड्यांच्या यादीतल्या, आकड्यांचंही तेच. जुन्या इनमच्या मध्येच नवं नाव घातलं तर पुढचे सगळे आकडे सरकतात आणि जुनी ईएक्सई जुनेच आकडे धरून बसते. जावात काम करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. तिथे कंपाइल होताना ठरणारा 'स्टॅटिक फायनल' स्थिरांक असाच वापरणाऱ्या क्लासमध्ये उतरतो, मग तो मूळ क्लास कितीही वेगळ्या जारमध्ये (जावाच्या कोडची फाइल) असो.

तिसरा निर्णय: डीएलएलची फोड

हंगाम आटोपल्यावर मोठं काम हाती घेतलं. सगळं एकाच ईएक्सईत गुंडाळून टाकावं, म्हणजे जोड्या जुळवायचा प्रश्नच नको, असंही मत होतं. मग प्रत्येक बदलाला पाचही प्रोग्रॅम बदलावे लागले असते, काट्यासकट. ते मागे पडलं. 'कॉन्स्ट'च्या जागी 'स्टॅटिक रीडओन्ली' लिहिणं सोपं होतं, कारण त्याची किंमत चालताना डीएलएलकडून घेतली जाते. तेवढं सगळीकडे केलंच. पण पायाभूत उतारा कोडमध्ये असण्याचंच कारण नव्हतं. तो हंगामाचा आकडा आहे, म्हणून दर आणि वाढीशेजारी टेबलमध्ये गेला.

कॉमन डीएलएलमध्ये चार वेगवेगळ्या गोष्टी राहत होत्या: दराचा हिशेब, डेटाबेसची जोडणी, काट्याशी संवाद, आणि मराठी छपाई. छपाईत आकडा अक्षरी लिहिणारा सुंदर कोड होता, अडीचशे, सव्वाशे, पावणेदोनशे सगळं नीट सांभाळणारा, आणि त्याला दुसऱ्या कशाचीच गरज नव्हती. तरीही अक्षरी रकमेतली एखादी दुरुस्ती झाली की काट्यालाही नवी डीएलएल घ्यावी लागायची.

लीडला सुरुवातीला बारीक बारीक असेंब्ली हव्या होत्या. चर्चेत कसोटी अशी ठरली की जे एकाच कारणाने आणि एकाच वेळी बदलतं ते एकत्र ठेवायचं. त्यातून चारच असेंब्ली झाल्या. दराच्या असेंब्लीला डेटाबेस ठाऊकच नाही असं केलं. हंगामाचे आकडे तिला बाहेरून द्यायचे, आणि ती मूळ दर, वाढ आणि एकूण असं तीन भागांचं उत्तर देते. बँक यादीचं स्वतःचं सूत्र त्याच दिवशी काढून टाकलं.

आवृत्तीचा प्रश्नही सोडवावा लागला. कॉमन डीएलएलची आवृत्ती पहिल्या दिवसापासून १.०.०.० होती. कारण जुनं होतं: असेंब्लीवर स्ट्राँग नेमची, म्हणजे तिची ओळख पक्की करणारी, सही होती आणि एकदा आवृत्ती वाढवल्यावर जुन्या प्रोग्रॅमांनी ती उचलायला नकार दिला होता. तेव्हापासून आकडा गोठवला गेला. त्यामुळे कुठे कोणती डीएलएल आहे हे फक्त तारखेवरून ओळखावं लागायचं. खरं तर असेंब्लीला वेगवेगळ्या आवृत्त्या देता येतात. जोडणीच्या वेळी डॉटनेट असेंब्ली आवृत्ती पाहतं, फाइल आवृत्ती पाहत नाही. म्हणून असेंब्ली आवृत्ती जुनं वापरणं मोडणाऱ्या बदलालाच वाढवायची, सोबत कॉन्फिग फाइलमध्ये बाइंडिंग रिडायरेक्ट (जुन्या आवृत्तीच्या जागी नवी उचल, अशी सूचना) द्यायचा, आणि फाइल आवृत्ती प्रत्येक बांधणीला वाढवायची असं ठरलं. माहितीच्या आवृत्तीत कमिटचा क्रमांक जातो. ईएक्सईचा सोर्स शोधण्यात गेलेली रात्र पुन्हा नको, हा त्यामागचा हेतू.

चारही असेंब्ली आता न्यूगेट या डॉटनेटच्या पॅकेज व्यवस्थेत पॅकेज म्हणून बनतात. कार्यालयातलं एक सामायिक फोल्डर हेच त्यांचं भांडार आहे, वेगळा सर्व्हर लागत नाही.

परिणाम

२०२३-२४ मध्ये दर ३१५ रुपये झाला, पायाभूत उतारा १०.२५ च राहिला आणि ०.१ टक्क्याची वाढ ३ रुपये ७ पैसे आली. याआधीच्या दोन्ही हंगामांत वाढ ही दराचा बरोबर शंभरावा भाग होती, आणि कोड सोपा करताना एकाने वाढीचा रकाना काढून ती दरावरून काढावी असं सुचवलंही होतं. रकाना ठेवला म्हणून निभावलं. त्या वर्षी कारखान्यांना टेबलमधली एक ओळ तेवढी पाठवावी लागली, डीएलएल एकही नाही.

एक नवा त्रास मात्र उभा राहिला. छपाईच्या पॅकेजमध्ये छोटी दुरुस्ती करून ते त्याच आवृत्ती क्रमांकाने पुन्हा भांडारात टाकलं गेलं. न्यूगेट प्रत्येक मशीनवर आवृत्तीनुसार प्रत साठवून ठेवतं. तोच क्रमांक दिसला की साठवलेलीच वापरतं. बांधणीच्या मशीनवर जुनंच पॅकेज येत राहिलं. आता एकदा प्रसिद्ध केलेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही, बांधणीची स्क्रिप्टच तो नाकारते.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी तपासणी. पाठवायची आहे फक्त डीएलएल, तर तपासायलाही तीच जोडी हवी होती: ग्राहकाकडची जुनी ईएक्सई आणि नवी डीएलएल. आता प्रत्येक कारखान्यातल्या चालू ईएक्सईंची प्रत कार्यालयात ठेवलेली असते आणि नवी डीएलएल आधी त्यांच्या शेजारी ठेवून बिल व यादी चालवली जाते. यासाठी कोणतंही महागडं साधन लागलं नाही. ते पहिल्यापासून करता आलं असतं.

दुसरं, २०१८-१९ चा बदल. पायाभूत उतारा बदलू शकतो हे त्या वर्षी सिद्ध झालं होतं. सरकारी आदेशाने ठरणारा आकडा कोडमध्ये स्थिरांक म्हणून राहू शकत नाही, हे तेव्हाच ठरवायला हवं होतं. आठवड्याचे सात दिवस किंवा क्विंटलचे शंभर किलो 'कॉन्स्ट' असायला काहीच हरकत नाही.

आणि तिसरं: बँक यादी आणि ऊस बिल यांच्या बेरजा जुळवणं अकाउंटंटच्या दक्षतेवर सोडलेलं होतं. प्रणालीने स्वतः ती तुलना करून, फरक असेल तर बँकेची फाइल बनवायलाच नकार द्यायला हवा होता. ही सोय त्याच उन्हाळ्यात घातली. फरक आला की पडद्यावर एकूण फरकासोबत टनामागचा फरकही दिसतो. तो रकाना अकाउंटंटनी मागून घेतला.